तव्याच्या हॉटेलातला मामू

तव्याचं हॉटेल कधीच बंद पडलं, असं मी लग्नानंतर बायकोला सांगून टाकलं होतं. ते बंद पडलेलं नव्हतं. मी नोकरी करतो त्या थुवालहून जेद्दात शिरून शराफियाच्या बाजाराकडे वळताना एक सिग्नल लागतो, तिथे डाव्या हाताला त्याची पाटी दिसते. गेली सोळा वर्षं मी त्या सिग्नलवर उजवीकडे बघत उभा राहिलो आहे. उजवीकडे टायरचं दुकान आहे, दुसरं काही नाही.

हॉटेलचं खरं नाव इंग्रजी आहे. आमच्या घरात ते कुणी घेतलं नाही. तिथे बीफचा जाड तुकडा तापलेल्या लोखंडी तव्यावर यायचा. तवा लाकडी फळीत बसवलेला असायचा आणि वेटर तो चुरचुरत, धूर काढत टेबलापर्यंत आणायचा. म्हणून तव्याचं हॉटेल. आत सगळं काळपट लाकूड, लाल काचेचे दिवे, भिंतीवर प्लास्टरची शिंगं. ताटाखाली कागद असायचा, त्यावर गाईचं चित्र आणि तिच्या अंगावर रेषा मारून कुठला तुकडा कुठला ते लिहिलेलं. माझी बहीण त्या गाईला पेनने डोळे काढायची. आधी सूप, मग गरम पाव आणि लोण्याची चिमुकली वडी, मग चांदीच्या कागदात भाजलेला बटाटा. अम्मी प्रत्येक वेळी वेटरला तीनदा सांगायची की मांस पूर्ण शिजवा, लाल पाणी दिसलं तर परत पाठवीन. तो फिलिपिनो वेटर प्रत्येक वेळी तीनदा मान हलवायचा.

अब्बा एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते. त्यांना फॅमिली आणायची परवानगी होती, म्हणून आम्ही चौघं जेद्दात राहत होतो. महिन्यातून एकदा, गुरुवारी संध्याकाळी, आम्ही तिथे जेवायला जायचो. शुक्रवारची सुट्टी असायची, त्यामुळे गुरुवार हा आमचा सणाचा वार.

त्या काळी इथल्या हॉटेलांना दोन दारं असत. एकट्या पुरुषांचं दार रस्त्यावर आणि फॅमिलीचं गल्लीतून. फॅमिलीच्या बाजूला लाकडी केबिना होत्या. प्रत्येकीला पितळी कड्यांवर सरकणारा मरून पडदा. वेटर बाहेरून खाकरायचा, अम्मी तोंडावरून ओढणी घ्यायची, मग पडदा सरकायचा.

आमच्याबरोबर चाचा यायचे. ते सख्खे चाचा नव्हेत. रत्नागिरीच्या खाडीकाठी आमचं गाव आहे, त्याच गावचे, अब्बांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्याच कंपनीत वेल्डर होते. बायको आणि तीन मुलं गावी, स्वतः कॅम्पात, एका खोलीत आठ जण. महिन्यातून एक जेवण तरी ह्याने माणसांत बसून करावं असं अब्बांना वाटायचं. रस्त्याच्या बाजूला एकट्यांमध्ये त्यांना बसवायचं आणि आपण पडद्याआड खायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. पण नवऱ्याचा दोस्त म्हणजे बाईला परका, त्याला फॅमिलीत बसता येत नाही. नवऱ्याच्या भावालाही खरं तर येत नाही. बाईचा स्वतःचा भाऊ असेल तर चालतं. म्हणून घरी जे चाचा होते ते हॉटेलात मामू व्हायचे.

गाडीत बसल्यावर अब्बा आरशातून माझ्याकडे बघून विचारायचे, "हे कोण?"

"मामू."

"शाबास."

मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेले चाचा अम्मीला म्हणायचे, "भाभी, भाऊ झालोय खरा. पण माहेरच्या जागेत हिस्सा मागायला येऊ नका हां."

अम्मी ओढणीआड हसायची. "तुमच्याकडे आहे काय, दोन माड."

"तीन. एक वाकडा आहे, तो तुम्हाला."

चाचांच्या शर्टाच्या खिशात कागदाची पुडी असायची. तिच्यात गावचा मसाला. पडदा लागला की ते पुडी उघडून स्टीकवर चिमटीने मसाला भुरभुरायचे, लिंबू पिळायचे, मग अब्बांच्या तव्यावर, मग अम्मीच्या. वेटर आला की पुडी परत खिशात. माझं मांस तेच कापून द्यायचे. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यांच्या हातावर बारीक पांढरे डाग पडलेले होते, आणि त्या हातांनी ते गळाला लावायला मासा कापावा तसे लहान लहान तुकडे करायचे. आणि कापता कापता सांगायचे, "माझा तुझ्याएवढाच आहे. वर्गात पहिला येतो. होडीचं इंजिन उघडून परत बसवतो."

मी वर्गात पहिला येत नव्हतो. अब्बा नुसते माझ्याकडे बघायचे.

मी अकरा वर्षांचा असताना एका गुरुवारी काय झालं ते आता सांगायचं आहे. हे मी या वर्षापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःला सांगतानाही थोडं बदलून सांगत आलो.

पुढच्या आठवड्यात चाचा दोन वर्षांनी सुट्टीवर गावी जाणार होते. त्या आठवड्यात कामावर त्यांच्या पायावर तापलेलं लोखंड पडलं होतं. एका पायात चप्पल आणि दुसऱ्याला घोट्यापर्यंत पट्टी, तसेच ते आले. सूप आलं. अब्बांनी पिशवीतून माझा गेम काढला. हातात धरायचा, बॅटरीवर चालणारा, पाण्यातून माणसं वाचवायचा खेळ. मला तो परीक्षेनंतर मिळाला होता आणि मी शाळेतून आल्यावर सगळ्यात आधी त्याला हात लावायचो. अब्बांनी तो चाचांच्या हातात दिला.

"तुझ्या पोराला दे. ह्याचं खेळून झालंय."

"अरे नको. पोराचं आहे ते."

"त्याला कमी आहे काय? घे."

मला कुणी विचारलं नाही. चाचांनी गेम आपल्या कापडी पिशवीत ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अम्मी म्हणाली, "मामूंना सांग, खुशीने देतोय म्हणून." मी सांगितलं, "खुशीने देतोय."

तेवढ्यात मगरिबची, दिवस मावळतानाची अजान झाली. तेव्हा नमाजाच्या वेळी दुकानं, हॉटेलं बंद ठेवावी लागत. शटर पडायचं. आत बसलेले आतच राहायचे, अर्धे दिवे मालवायचे, आणि लोक हळू आवाजात खात बसायचे. अब्बा आणि चाचा एरवी शटर पडायच्या आत निघून कोपऱ्यावरच्या मशिदीत जायचे. त्या दिवशी चाचा उठायला लागले तर अब्बा म्हणाले, "तू बस. वजूला पाय धुवून पट्टी भिजवू नकोस. पोरांकडे बघ, मी आलोच."

अब्बा गेले, शटर पडलं. मी हात धुवायला जातो म्हणालो. केबिनांच्या शेवटी अरुंद जागेत बेसिन होतं. माझे हात स्वच्छ होते. मला त्या पिशवीसमोर बसायचं नव्हतं.

मी नळ सोडून उभा असताना मागच्या दाराने मॅनेजर दोन माणसांना घेऊन आला. एक पोलीस आणि एक तपासणीला येणारा दाढीवाला माणूस. तो रागीट नव्हता. तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि हसून, शिकलेल्या हिंदीत विचारलं, "किस के साथ आए हो, बेटा?"

"अम्मी. बहन."

"और अंदर वो आदमी?"

शब्द तोंडात तयार होता. इतक्या वेळा गाडीत म्हटलेला शब्द. मी म्हणालो, "वो हमारे कोई नहीं. अब्बा के कॅम्प के हैं."

पुढे आयुष्यभर मी स्वतःला सांगत राहिलो की मी घाबरलो होतो, खोटं बोलू नये असं शाळेत शिकवलं होतं. दोन्ही खरं नाही. मी घाबरलो नव्हतो. मला नियम माहीत होता आणि खोटं कशासाठी बोलायचं तेही माहीत होतं. माझा हिशेब असा की आता ह्यांना उठवून रस्त्याच्या बाजूला, एकट्यांमध्ये नेऊन बसवतील. तिथे पडदा नसतो. तिथे ते एकटे खातील. आणि त्यांची पिशवी आमच्या बाकावर राहील.

यापलीकडचं मला दिसलं नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. परका पुरुष, परकी बाई, नवरा बाहेर आणि पडदा लावलेला, याचा अर्थ मोठ्यांच्या जगात काय होतो हे मला ठाऊक नव्हतं. मी साबण लावला. पडद्याच्या कड्या एकदम सरकल्याचा आवाज आला. मी पुन्हा साबण लावला.

शटर वर गेलं आणि अब्बा आले तेव्हा चाचांना पोलिसांच्या गाडीत बसवत होते. त्यांची चप्पल आत केबिनपाशी राहिली होती. अब्बा धावले, हात जोडले, अरबीत, हिंदीत, शेवटी आमच्या गावच्या बोलीत काय काय बोलले. अब्बांकडूनही कागदावर सही घेतली. अम्मी केबिनमध्ये मान खाली घालून बसली होती आणि समोर आलेले तवे चुरचुरून थंड झाले होते. त्यानंतर अम्मी कुठल्याच हॉटेलात गेली नाही.

नऊ दिवसांनी चाचांना कायमचं गावी पाठवलं. ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या कफीलने मध्ये पडायला नकार दिला. अब्बा त्यांची चप्पल आणि पिशवी घरी घेऊन आले होते. त्यांनी गेम काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुझं तुझ्याकडे आलं." दुसरं काही नाही. मी त्यात परत बॅटरी घातली नाही.

अम्मीने मला एकदा विचारलं, "त्यांना सांगितलं कुणी?" मी म्हणालो, "माहीत नाही." अब्बांनी कधी विचारलं नाही.

वर्कशॉपमध्ये फोरमनची जागा व्हायची होती. तिथे चाचांचं नाव घेतलं जात होतं. काही महिन्यांनी ती अब्बांना मिळाली. गावात या दोन गोष्टींची गाठ मारली गेली. ज्याने बसवून ठेवलं आणि स्वतः बाहेर गेला, त्यालाच खुर्ची मिळाली. अब्बांनी पाठवलेली पत्रं चाचांनी फोडली नाहीत. चाचांनी धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म काढला. अब्बा रिटायर होऊन गावी गेल्यावर दोघं एकाच मशिदीत वेगवेगळ्या रांगांत उभे राहायचे. अब्बा दिसले की चाचा रस्ता ओलांडायचे. मी सुट्टीत जायचो तेव्हा हे बघायचो. एकदा मी अब्बांना म्हटलं, "तुम्ही त्यांना समजावत का नाही?" अब्बा म्हणाले, "त्याचा राग बरोबर आहे. असू दे." मी तिथेच बसलो होतो. हातात चहा होता. मी चहा पीत राहिलो.

सहा वर्षांपूर्वी अब्बा गेले. जनाजा निघाला तेव्हा सगळं गाव खांदा द्यायला आलं. चाचा धक्क्यावर एका इंजिनापुढे पाठ करून बसले होते. जनाजा त्यांच्यामागून वीस पावलांवरून गेला. अकरा वर्षांच्या पोराला कुणी माफ करील. पण त्या दिवशी मी बेचाळीस वर्षांचा होतो, पुढचा उजवा खांदा माझा होता, आणि मला वाट सोडून वीसच पावलं जायचं होतं. मी गेलो नाही.

या वर्षी हिवाळ्यात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ओळखलंस का? तुझा चाचा. उमरा करून मक्केतून आलोय. आज आमच्या लोकांना शराफियात खरेदीला सोडलंय. मला काय घ्यायचंय? दुपारी असरच्या नमाजाला बस आहे. तू येतोस का?"

मी थुवालच्या विद्यापीठाच्या कॅम्पसात एसीला थंड पाणी पुरवणाऱ्या प्लँटवर काम करतो. सुपरवायझरला सांगून निघालो. तासाभराच्या वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो, आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य मला माझ्याच बाजूचं वाटत होतं.

चाचा एका बॅगांच्या दुकानाबाहेर खुर्चीवर बसले होते. दुकानदाराने दिली असावी. केस उतरवलेले, डोकं लहान दिसत होतं. मला बघून उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या अंगाला अत्तराचा आणि बामचा वास होता.

गाडीत पुढच्या सीटवर बसल्यावर म्हणाले, "तव्याचं हॉटेल आहे का रे अजून?"

मी बायकोला सांगितलं होतं ते त्यांना सांगणं सोपं होतं. मी म्हणालो, "आहे."

"चल मग. बघू तरी. विमानतळावर बोटांचे ठसे घेतले तेव्हा मी नुसता दुवा पुटपुटत होतो. म्हटलं, ह्यांच्या मशीनमध्ये माझं सगळं असणार. तो पोरगा म्हणतो, वेलकम हाजी."

हॉटेलला आता एकच दार आहे. गल्लीतलं दार बुजवून तिथे काचेची खिडकी केली आहे, तिच्यासमोर पार्सलवाल्यांच्या मोटरसायकली उभ्या असतात. भिंतीवर 'फॅमिली' हा शब्द होता त्याची अक्षरं काढलेली, पण त्यांच्या जागी रंग जरा उजळ राहिला आहे. आत लाकूड तेच. शिंगं तीच, एक मोडलेलं. काउंटरवर एक सौदी मुलगी होती, तिने आम्हाला हवं तिथे बसायला सांगितलं. चाचांनी दोनदा विचारलं, "हवं तिथे?"

ते सरळ आत गेले. केबिना अर्ध्या कापून ठेंगण्या केल्या आहेत, पडदे काढले आहेत. वरच्या दांड्या मात्र तशाच, आणि त्यांच्यावर काही पितळी कड्या अजून लोंबत आहेत. चाचा तिसऱ्या केबिनपाशी थांबले. "ही ना?" मला आठवत होतं की ती चौथी. मी म्हणालो, "हीच."

बसल्यावर म्हणाले, "इथे मला मामू म्हण बाबा. पुन्हा गाडीत बसवायचे." आणि स्वतःच हसले.

सूप त्यांना आवडलं. स्टीक आला तेव्हा चुरचुर होती, पण धूर पूर्वीइतका नव्हता, की मीच मोठा झालो होतो. चाचांनी सवयीने खिशाकडे हात नेला आणि खाली घेतला. "मसाला बंद केलाय डॉक्टरने. मीठही." सुरी तुकड्यावरून दोनदा घसरली. मी त्यांचा तवा माझ्याकडे ओढला आणि कापायला लागलो. ते माझ्या हातांकडे बघत राहिले.

"बारीक कर," म्हणाले. "खालचे दात गेलेत."

दुपारची, जोहरची अजान झाली. चाचा ताठ झाले. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग मागच्या बाजूला, बेसिनकडे.

"शटर?"

"आता पाडत नाहीत, चाचा. चालू ठेवायला परवानगी आहे."

"आणि हे सगळे?" पलीकडच्या टेबलावर दोन मुलगे आणि तीन मुली एकत्र बसून फोनमध्ये काहीतरी बघत होते. "हे कोण कुणाचे?"

"दोस्त असतील."

चाचांनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग घास घेतला. चावता येईना, तो रुमालात काढून ठेवला.

"गावातून निघताना सगळ्यांची माफी मागावी लागते," ते म्हणाले. "बोललं-चाललं माफ करा म्हणून. मी घरोघर गेलो. तुझ्या आईकडेही गेलो. सदतीस वर्षांनी त्या पायरीवर पाय ठेवला. म्हटलं, भाभी, माफ करा. तिने चहा केला. मी उभ्यानेच घेतला."

"अम्मी बोलली मला."

"पण तेव्हा माझ्या मनातलं गेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू? मग तिकडे, काब्यासमोर, तवाफच्या सात फेऱ्या झाल्यावर उभा राहिलो. आणि मी तुझ्या बापाचं नाव घेतलं. म्हटलं, त्याने मला केलं ते मी सोडलं. त्याला माफ केलं. खरं सांगतो, छातीवरचं मशीन कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं. म्हणून तुला फोन केला. तुला तोंडावर सांगायचं होतं. तुझ्या बापाचा माझ्याकडे काही गुन्हा राहिला नाही."

मी म्हणालो, "हात धुवून येतो."

बेसिन बदललं आहे. नळाखाली हात नेला की आपोआप पाणी येतं, काढला की थांबतं. मी दोन वेळा हात धुतले. वरच्या आरशात अब्बांसारखा दिसणारा माणूस होता. मला वाटलं, ह्यांना तसंच जाऊ द्यावं. म्हातारा माणूस, हलका होऊन निघाला आहे, असरला बस आहे. मग मला कळलं की ह्या बेसिनपाशी मी पुन्हा स्वतःचाच हिशेब करतो आहे.

परत येऊन बसलो आणि सांगितलं. "चाचा, अब्बांनी काही केलं नव्हतं. त्या माणसाला मी सांगितलं. इथे, बेसिनपाशी. त्याने विचारलं, आत कोण आहे, आणि मी म्हणालो, आमचे कोणी नाहीत."

चाचांनी काटा खाली ठेवला. "तू."

"हो."

मग म्हणाले, "पोर होतास. पोलीस बघून घाबरलास."

ते निमित्त त्यांनी स्वतःच माझ्यापुढे ठेवलं होतं. मी मान हलवली असती तर तिथेच संपलं असतं.

"घाबरलो नव्हतो. अब्बांनी माझा गेम तुमच्या पोरासाठी दिला होता. तुम्हाला इथून उठवावं असं मला वाटत होतं."

"कसला गेम?"

त्यांना आठवत नव्हता. मी सांगितलं, हाताने किती मोठा ते दाखवलं. ते माझ्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"बापाला माहीत होतं?"

"माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही."

"त्याला माहीत होतं," चाचा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा धक्क्यावर मी त्याला चार माणसांत आईवरून शिव्या दिल्या. म्हटलं, बोल, केलंस का नाही? तो मान खाली घालून ऐकत राहिला. ज्याने केलेलं नसतं तो उलटून बोलतो ना रे? मी म्हटलं, झालं, कबूल केलं ह्याने. तेवढ्यावर मी इतकी वर्षं काढली."

हे धक्क्यावरचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

वेटर येऊन बटाटे गार झालेत, बदलून देऊ का, असं विचारून गेला. चाचांनी त्याला हाताने नको म्हटलं.

"कब्रस्तानावरून रोज जातो मी. धक्क्याची वाट तीच आहे. एकदा सलाम केला नाही त्याला. आणि तिकडे उभा राहून काय म्हणालो? त्याचा गुन्हा माफ केला म्हणालो. ते आता परत कसं घेऊ?"

"चाचा, मला..."

"तू काही मागू नकोस आता. माझ्याकडे नाही आज द्यायला." ते उठले. "कालपर्यंत बरं होतं. चल. बस चुकेल."

बसला अजून दोन तास होते. मी बिल दिलं. तव्यावर मी कापलेले तुकडे तसेच पडले होते, अगदी बारीक.

येताना ते पुढे माझ्या शेजारी बसले होते. जाताना त्यांनी मागचं दार उघडलं आणि मागे बसले. सिग्नल लागला तेव्हा मी आरशात बघितलं. ते त्या हॉटेलच्या पाटीकडे वळून बघत होते. शराफियात उतरल्यावर त्यांनी कुरत्याला हात पुसले आणि काचेतून वाकून म्हणाले, "तुझ्या आईला तू सांग. मी सांगणार नाही." मग त्या दुकानाबाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी गाडी पुढे घेऊन वळवून परत आलो तेव्हाही ते तसेच बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

मी आईला लगेच सांगितलं नाही. हेही लिहिलं पाहिजे. तीन शुक्रवार गेले.

चौथ्या शुक्रवारी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "चाचा आले होते म्हणे तुझ्याकडे. इथे जमजमच्या पाण्याची बाटली आणि खजूर नातवाकडून पाठवले. स्वतः आले नाहीत. जाताना तर म्हणाले होते, परतलो की बसून चहा घेईन."

"दिसत नाहीत का?"

"दिसतात ना. जुम्म्याची नमाज झाली की कब्रस्तानात जातात. तुझ्या अब्बांपाशी उभे राहतात, पाय दुखेपर्यंत. मग आपल्या फाटकापर्यंत येतात आणि वळतात. मी हाक मारली तर थांबत नाहीत. तिकडे काय झालं रे? तू काही बोललास का त्यांना?"

पलीकडे तिच्या घरात पंख्याचा आवाज येत होता. माझी मुलं बाहेरच्या खोलीत इंग्रजीत भांडत होती. मी उठून दार लावलं.

"अम्मी," मी म्हणालो, "तुला तो माझा गेम आठवतो का? पाण्यातून माणसं वाचवायचा?"

"आठवतो. कपाटात आहे अजून. का?"